मारियामातेचा निळा झगा

इंदापूर,
मंगळवार, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

तीर्थस्वरूप रणजितराव दाजी यांस,

धाकटा मेहुणा ज्ञानेश याचा दोन्ही हात जोडून जय ख्रिस्त. (हात जोडून लिहितोस कसा, असं तुम्ही विचारणार. आधी जोडले, मग सोडले, मग पेन धरलं.)

आम्ही सर्व बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. सौ. प्रतिक्षा बरी आहे, शिलाई मशीन बरं आहे, मी बरा नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? कडबाकुट्टीत अर्धा गेलेला उजवा अंगठा थंडीत अजून ठणकतो का? (श्रीरामपुरात इकडच्यापेक्षा गारठा जास्त, असं ऐकतो.) बीपीची गोळी रोज घेता ना? हे पत्र गोळी घेतल्यावरच वाचावं अशी नम्र विनंती. आणि रागाचं कसं काय? अक्का होती तेव्हा तुमचा राग आधी ती अंगावर घ्यायची, उरलासुरला आमच्यापर्यंत यायचा. आता मधे कोणी नाही, याची मला फार भीती वाटते. खरं तर फोनच करणार होतो, पण तुमचा नुसता 'बोल' ऐकला तरी माझी दातखीळ बसते. पत्रात निदान तुम्ही मधे बोलू शकत नाही.

तर दाजी, तुम्हाला आठवत असेल, अक्काच्या माघारी तिची मारियामातेची मूर्ती तुम्ही आपल्या चर्चला दिलीत. त्या दिवशी वेदीपुढे उभं राहून, तोच अर्धा अंगठा सगळ्यांच्या दिशेने हलवून तुम्ही म्हणालात, "कौसल्याच्या मूर्तीला ओरखडा जरी दिसला, तरी मी ती उचलून परत नेईन." लोक अजून त्या जागेवरून जाताना आवाज खाली करतात. मग फादर सुयोग यांनी रीत घालून दिली, की रविवारची मिस्सा झाली की मूर्ती एका घरी न्यायची, आठवडाभर संध्याकाळी शेजारपाजार जमवून जपमाळ म्हणायची आणि पुढच्या रविवारी परत आणून दुसऱ्या घराच्या स्वाधीन करायची. रीत चांगली आहे. आपली घरं ह्या उसाच्या रानात विखुरलेली, कुणी डाळजला, कुणी वरकुट्याला, कुणी बावड्याला. त्या मूर्तीमुळे लोक एकमेकांच्या घरी जाऊ लागले. पण प्लॅस्टरची मूर्ती आणि आपल्याकडचे रस्ते, हा विचार फादरांनी केला नाही. (ते वसईचे आहेत.)

डाळजच्या रामहरी मास्तरांनंतर आमची पाळी आली. मास्तरांनी मूर्ती हातात देताना तिच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या फुलांचे एवढे हार घातले होते, की आईचा चेहरा आणि हातांचे पंजे तेवढे दिसत होते. हार काढू नका, नवस हाय, असं त्यांनी मला तीनतीनदा बजावलं. मी म्हटलं, नवस तर नवस. मूर्ती गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, अफजलच्या रिक्षातून घरी आणली. अफजलने आमच्या पोरांना शाळेत नेलं नसेल इतकं जपून नेलं. सहा दिवस मी मूर्तीजवळ शिंकलोसुद्धा नाही. शनिवारी सकाळी, आता उद्या सुटलो, अशा आनंदात फडक्याने धूळ पुसत होतो, तेवढ्यात फळीवरून माझ्या मानेवर पाल पडली. पुढचं मला नीट आठवत नाही. पाल शाबूत राहिली. आईचा उजवा हात मनगटापासून माझ्या हातात होता.

दाजी, त्या क्षणी तुम्ही येता, मूर्ती उचलता, गाडीत घालता, अक्काचं इकडे जे एकच काही उरलंय ते घेऊन जाता, आणि मग तुमचं ह्या गावाला येण्याचं कारणच संपतं, एवढं सगळं मला एका दमात दिसलं. (अक्कानंतर तुम्ही आमचे राहाल की नाही, ही धास्ती मला तशीही होतीच.) प्रतिक्षा म्हणाली, फादरांना सांगून मोकळे व्हा. मी फेविक्विक आणायला पळालो. हात चिकटला, पण घाईत तळवा उलटा बसला. आधी आई दोन्ही हात पसरून 'या' म्हणायची. आता डावीकडून 'या' म्हणते आणि उजवीकडून, चौकातल्या पोलिसासारखी, 'थांबा' म्हणते.

मग मी शिंपी आहे हे मला आठवलं. शाळेच्या गणवेशातलं निळं कापड उरलं होतं, त्याचा लांब बाह्यांचा झगा बेतला. सुईत दोरा ओवेना म्हणून तो प्रतिक्षाने ओवून दिला, एक शब्द न बोलता. (तिचं न बोलणं तुम्हाला माहीत नाही. तुमच्या बोलण्यापेक्षा वाईट असतं.) रविवारी मी मूर्ती झग्यासकट आणली आणि वेदीजवळ ठेवून मान खाली घालून उभा राहिलो. वरकुट्याच्या तानूबाई पुढे आल्या, त्या चर्च झाडतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी मनात पश्चात्तापाची प्रार्थना सुरू केली. तर तानूबाईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "आईला थंडी वाजत असंल, ह्ये इतक्या जणांत तुला एकट्याला दिसलं बघ."

पुढचा रविवार आला. तानूबाई मूर्ती परत घेऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, झगा पायघोळ कर, आईचे पाय दिसाय नकोत. मी झालर लावली. मग मूर्ती बावड्याला योगिनीकडे गेली, आणि आठ दिवसांनी तिचं म्हणणं, डोक्यावरून पदर पाहिजे, उजव्या कानावर जरा जास्त. मी पदर शिवला. कानाला वेगळं माप का, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कारण विचारायचं नसतं, आणि माझी अवस्था कुणाला काही विचारण्यासारखी नव्हतीच. उलट मला वाटलं, आपल्या पापातून केवढी भक्ती वाढली.

आणि मग परवाच्या रविवारी फादरांनी मिस्सा संपताना जाहीर केलं, की येत्या रविवारी कौसल्याबाईंच्या वर्षस्मरणाच्या मिस्सेला झगा, हार सगळं उतरवून मूर्तीला स्वच्छ स्नान घालू आणि रणजितराव स्वतःच्या हाताने तिला मुकुट चढवतील. दाजी, चर्चमध्ये असा सन्नाटा मी गुड फ्रायडेलाही ऐकलेला नाही. मी बाक धरला, तर बाकच हलत होता. (त्याच बाकावर योगिनी होती.) शेवटी रामहरी मास्तर उठून म्हणाले, "फादर, थंडी लई हाय." फादर म्हणाले, "मूर्तीला?" मागून तानूबाई म्हणाल्या, "व्हय, मूर्तीलाबी." फादरांना गहिवरून आलं. इतकी प्रेमळ माणसं मी पाहिली नाहीत, म्हणाले, म्हणून तर हा सोहळा झालाच पाहिजे.

काल दुपारी मी टेप घेऊन चर्चमध्ये गेलो. (सोहळा आहे म्हणून मूर्ती ह्या आठवड्यात तिथेच आहे.) कुणी विचारलं तर माप घ्यायला आलो म्हणणार होतो. खरं तर हात सुलटा करता येतो का ते बघायचं होतं. वेदीमागच्या खोलीत तानूबाई मूर्तीपुढे बसलेल्या. म्हणाल्या, झाडाय आले. झाडू बाहेर होता आणि त्यांच्या मुठीत फेविक्विकची ट्यूब होती. मग मी बाही वर केली. मग त्यांनी झालर वर केली. आईच्या पायाखालच्या सापाला तोंडच नव्हतं. "सैतानाचंच तोंड हाय, गेलं तर गेलं," असं त्या म्हणाल्या, पण रडत म्हणाल्या. एवढ्यात दारात योगिनी. तिने पदर सरकवला, उजव्या कानाची तुटलेली पाळी दाखवली. तिच्याकडेही ट्यूब होती. आम्ही तिघं खाली बसलो आणि आलटून पालटून घाबरलो.

असं सगळं आहे. तुम्ही रविवारी येणारच. जेवायला आमच्याकडेच या, प्रतिक्षा तुमच्यासाठी बिनसाखरेची खीर करणार आहे.

आपला भित्रा मेहुणा,
ज्ञानेश

ता. क. मुख्य विनंती राहिली. रविवारी फादर झग्याला हात घालतील, तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की झगा राहू द्या, कौसल्याला आवडला असता. तुमचा शब्द फादर मोडणार नाहीत. हे खोटंही नाही. अक्काने थंडीत कुणाला कधी स्वेटरशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ दिलंय?

ता. क. प्रतिक्षाचं म्हणणं, हे पत्र टाकू नका, दाजींना समोर बसवून सांगा. ती तुम्हाला घाबरत नाही. मला तिचीही भीती वाटते.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आत्ता तानूबाईंनी बोलावलं होतं. रामहरी मास्तरही आले होते. त्यांनी नवसाचे हार आपल्याच हाताने उतरवले, तर डाव्या कोपराला तडा होता, तो त्यांचा. पण हार निघाले आणि मागे मानही दिसली. मान पूर्वी कधीतरी पूर्ण निघालेली आहे. भोवतीनं पाइपाला लावतात ते एमसील भरून वरून रंग दिलाय. ही मान आमच्यापैकी कुणाचीच नाही, मास्तरांनी तर बायबलवर हात ठेवला. मग योगिनीने मोबाइलचा उजेड पाडला. एमसील ओलं असताना ज्याने ते दाबलं, त्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा तिथे उमटला आहे. ठसा अर्धाच आहे, दाजी.

तानूबाईंनी क्रूस केला. मला मात्र पहिल्यांदाच तुमची भीती जरा कमी वाटली. तेव्हा ओरखड्याचं ते वाक्य रविवारी पुन्हा म्हणायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. माझ्याकडे वीतभर निळं कापड अजून शिल्लक आहे. झग्याला गळ्याशी बंद कॉलर लावू का, तेवढं उलट टपाली कळवावं.