न विचारता टाकलेलं कार्ड

देवास, बुधवार, १४ जून १९५०

आज साहेबांना न विचारता कार्ड टाकलं. कारकुनाच्या जागेसाठी साळुंख्यांनी केलेला अर्ज नामंजूर झालाय. नकार कळवायची आमच्या कचेरीत पद्धतच नाही. तो बिचारा रोज फाटकापाशी मला विचारतो, "भिया, कुछ हुआ क्या?"

अर्जात आजोबांची दरबारातली चाकरी पानभर, स्वतःबद्दल एक ओळ नाही. संस्थान गेलं, हे त्याला सांगणार कोण? मी कार्डावर लिहिलं, "ही जागा मिळाली नाही. पुढच्या अर्जात आजोबा नकोत. तुम्हाला टायपिंग येतं म्हणालात, ते लिहा."

खाली सही केली. सही कशाला केली? कार्ड घेऊन तो उद्या थेट साहेबांकडेच गेला तर? साहेब माझा जुना अर्ज काढतील.

त्यातही आजोबाच आहेत.