अभिनंदनाला बंदी

२ मार्च, रविवार
ठरलं. स्वतःचा मेल सर्व्हर. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, कपाटाच्या खालच्या खणात.

कारण स्पष्ट आहे. ऑफिसमधलं माझं आवक-जावकचं टेबल महिनाअखेर बंद होतंय. एकवीस वर्षं आलेल्या प्रत्येक पत्रावर मी शिक्का मारला, आता म्हणे सगळं टपाल ई-मेलने. त्यासाठी ‘ई-टपाल प्रमुख’ असं नवं पद निघालंय. इतकी वर्षं टपाल कोणी सांभाळलं? मी. मग प्रमुख कोण? प्रश्नच नाही. नाही मिळालं तर तळघरातलं स्टोअर. मोडक्या खुर्च्या आणि धूळ. धुळीने माझी छाती भरते. पण तो विचार करायचाच नाही.

फुकटच्या मेलवर पत्रं मागवणारा माणूस प्रमुख शोभेल का? हिला योजना सांगितली. ती म्हणाली, आधी कपाटाचं दार लागतंय का बघा.

४ मार्च
अर्ज दिला. ई-मेलच्या रकान्यातला जुना पत्ता खोडून नवा लिहिला. ‘प्रमुख’, ॲट, पुढे माझं स्वतःचं डोमेन. मोठ्या साहेबांनी विचारलं, हा कसला पत्ता? म्हटलं, साहेब, स्वतःचा सर्व्हर. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. छाप पडली.

साहेब उद्यापासून महिनाअखेरपर्यंत दौऱ्यावर. निवड झालेल्याला आस्थापना विभाग मेलनेच कळवणार, तीन दिवसांत मेलनेच होकार द्यायचा. तोंडी काही नाही, कागद नाही.

दुसरा अर्ज टायपिस्ट बाईंचा. बाई पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतात. हसू आवरलं.

८ मार्च, शनिवार
सर्व्हर सुरू! एकट्याने केला. मेहुण्याला चार फोन केले, ते फक्त खात्री करायला. पहिलं पत्र मीच मला पाठवलं. पोचलं. हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, इथून निघून इथेच तर आलं.

९ मार्च, सकाळी ११
कालपासून माझ्या सर्व्हरवरून अकरा हजार पत्रं गेली. मी पाठवलेली दोनच. म्हणजे लोकांना खबर लागली. चांगलं काम लपत नाही.

संध्याकाळी ५
मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरमध्ये आहे आणि ते चेहऱ्यावर घेऊन फिरतो. म्हणाला, भाऊजी, तुम्ही दार सताड उघडं टाकलंय. कोणीही येतोय आणि तुमच्या नावाने टकलावरच्या औषधाच्या जाहिराती पाठवतोय. तुमचा पत्ता काळ्या यादीत गेला. चोर पुढे ऑफिसचं नाव घेऊनही येतील, घाई करतील, बक्षीस देतो म्हणतील, सांभाळा. त्यापेक्षा हे सोडा आणि तयार मेल घ्या.

चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं, तू यात पडू नकोस. ही मध्ये बोलली. म्हटलं, तूही नकोस. काल आलेल्यांनी मला शिकवायचं नाही.

११ मार्च
दार बंद. आता माझ्याशिवाय कोणालाही इथून पत्र पाठवता येत नाही. काळ्या यादीवाल्यांना माफीपत्र लिहिलं. माफी नाही, खुलासा.

डोमेनला तीन नोंदी लागतात. एक सांगते की या नावाची पत्रं याच मशीनमधून निघतात. दुसरीमुळे प्रत्येक पत्रावर मोहोर बसते. तिसरी सांगते की खोटं पत्र दिसलं तर काय करायचं. अहो, हे तर आवक-जावकच! सही, शिक्का, शेरा. जगाने हे आमच्या टेबलावरून उचललंय आणि इंग्रजी नावं दिलीत.

पासवर्ड एक्केचाळीस अक्षरांचा. कुठेही लिहिलेला नाही.

१२ मार्च
पासवर्ड तीनदा चुकला. सर्व्हरने मला चोर समजून बाहेर काढलं. व्यवस्था चोख असल्याचा याहून मोठा पुरावा नाही. दोन तास कपाटासमोर मांडी घालून बसलो. पायाला मुंग्या. ही म्हणाली, आतून कोणी कडी काढतंय का बघा.

१५ मार्च, शनिवार
आवकचे नियम सर्व्हरला लावले. अनोळखी पत्र आलं की आधी ‘थोड्या वेळाने या’. खरा असेल तो परत येतो, हा एकवीस वर्षांचा अनुभव. विषय लिहिलेला नसेल तर परत. ‘बक्षीस’, ‘लॉटरी’ वगैरे शब्द असतील तर परत. परत पाठवताना जाणारं उत्तरही मी स्वतः लिहिलं: ‘आपले पत्र विचारपूर्वक नाकारण्यात आले आहे. पुन्हा तसदी घेऊ नये. – प्रमुख.’ ‘विचारपूर्वक’वर अर्धा तास गेला, पण वजन आलं.

हिच्या बहिणीने फोटो पाठवले होते. विषय नव्हता. परत गेले. बहिणीचा फोन आला, मग ही दिवसभर बोलली नाही. नियम म्हणजे नियम. घरच्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

१८ मार्च, दुपारी ४
पहिला हल्ला!

‘आस्थापना विभाग’ अशा नावाने कोणीतरी आलं. सर्व्हर म्हणाला, थोड्या वेळाने या. पंधरा मिनिटांत गडी पुन्हा हजर. विषय काय, तर ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे’. वा रे वा! एकवीस वर्षांत आस्थापनेने माझं एकदाही अभिनंदन केलेलं नाही. त्यांची पत्रं ‘खुलासा करावा’ अशीच येतात. मला कोण फसवणार? मेहुण्याचं एवढं एक ऐकलं. उघडलंसुद्धा नाही. ‘अभिनंदन’ शब्दावर बंदी घातली आणि परत पाठवलं.

१९ मार्च
दुसरा हल्ला. ‘स्मरणपत्र: तातडीने होकार कळवावा.’ चोराला नेहमी घाई. ‘तातडीने’ बंद. ‘होकार’ बंद. परत.

कॅन्टीनमध्ये टायपिस्ट बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, काही मेल आला का तुम्हाला? मी नुसता हसलो. आतली बातमी काढायला निघाल्यात.

२१ मार्च
तिसरा. ‘अंतिम स्मरणपत्र’ म्हणे. धमकी! तो पत्ता कायमचा बंद करून टाकला. तीन हल्ले, तिन्ही परतवले. हे निवडसमितीला कळायला हवं होतं.

२५ मार्च
निवडीचं अजून काही नाही. ही म्हणाली, आस्थापना दुसऱ्या मजल्यावर तर आहे, जाऊन विचारून या ना. म्हटलं, तोंडी काही नाही असं साहेबांनीच सांगितलंय. आणि आपण कोणाच्या दारात जायचं नाही. ती म्हणाली, तळघरात गेलात तर रात्रंदिवस खोकाल, आणि ऐकायचं मला.

ऑफिसमध्ये टेबलाचे खण रिकामे केले. शिक्क्याची शाई सुकली होती, तरी पुसून ठेवला. सर्व्हर दर दहा मिनिटांनी बघतो. एकही पत्र नाही. इतका सुरक्षित सर्व्हर या शहरात दुसरा नसेल.

३१ मार्च, सोमवार
साहेब आले. बोलावलं. त्यांच्यासमोर तीन कागद. तिन्हींवर माझंच वाक्य, ‘विचारपूर्वक’सकट.

साहेब म्हणाले, पहिली निवड तुमचीच होती. नाव मीच सुचवलं होतं. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तुम्ही लेखी नकार दिलात. वर तसदी घेऊ नका म्हणालात. आता पद बाईंना. त्यांनी विचारल्या दिवशीच ‘हो सर’ एवढं कळवलं.

साहेब माणूस चांगला. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “ऑर्डरवर अजून सही झालेली नाही. हा सर्व्हर दुसऱ्या कोणी सेट करून दिला असेल, त्याची चूक असेल, तर आत्ता सांगा. मी थांबवतो.”

मेहुण्याचं नाव अगदी जिभेवर आलं. तो थोडाच विचारायला येणार होता! पण त्या पोराला श्रेय द्यायचं? या सर्व्हरचं?

“नाही साहेब,” मी म्हटलं. “पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकट्याने केलंय.”

साहेबांनी सही केली.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने उठून धुतलेले दोन मोठे रुमाल काढले, तळघरात नाकाला बांधायला. मी म्हटलं, काही म्हण, एक तर सिद्ध झालं. परकं पत्र माझ्या सर्व्हरमधून आत येऊ शकत नाही.

“परकं कुठं होतं ते,” ती रुमालाची घडी घालत म्हणाली. “तुमचंच तर होतं.”