दाराच्या कडीवरचा हात

दम्माम, जानेवारी १९९१, गुरुवार

युद्धामुळे टपाल थांबलं, तरी तैवानच्या मेईची चिनी प्रेमकथा चालूच. वर्तमानपत्रातले पुढचे भाग येत नाहीत, तर ही मनानेच रचून आम्हा बाकीच्या नर्सेसना सांगते. हिरोचा हात दाराच्या कडीवर आला की थांबते बया! म्हणते, “दार उघडलं की गोष्ट मेली.” आमचे हे सरहद्दीवरच्या खफजीला, लढाईतच अडकलेत, फोन बंद. म्हणून तर रोज वाटायचं, उघड गं एकदाचं ते दार.

आज तिने उघडलं. हिरो आत आला, बायकोशेजारी जेवायला बसला, खलास. “अगं, का संपवलीस?” विचारलं, तर माझ्याकडे बघेना.

दुपारी खफजीचे जखमी आणले होते. कॅज्युअल्टीला मेईच होती.

मघाशी तिच्या खोलीपर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तशीच परत फिरले.