आईच्या बाजूचा शॉकअप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघ्यांनी सध्या असहकार पुकारल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं पाठवतो आहे, उरलेली दोन बरी झाल्यावर रवाना होतील.) तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावर तू स्वतःच्या बुद्धीने देत असलेली औषधं, तिन्हींची खुशाली कळव. आईची पाठ कशी आहे तेही कळव, पण उत्तर तिलाच विचारून लिही. तुझं उत्तर दर वेळी ‘अजून प्रवासाजोगी नाही’ असंच असतं आणि त्यात वैद्यकशास्त्रापेक्षा धाकट्या भावाविषयीचं तुझं मत जास्त असतं.

आई न्हाणीघरात पडली आणि मणका दुखावला म्हणून तू तिला ‘सहा आठवड्यांसाठी’ घेऊन गेलीस, त्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. डॉक्टरांनी मध्यंतरी परवानगी दिली, की दीड तासाचा प्रवास चालेल, फक्त धक्के नकोत. त्यावर तू म्हणालीस, “धक्के नकोत म्हणजे तुझी गाडी नको.” मोजके शब्द, संशयाला जागा नाही आणि समोरच्याचा संपूर्ण निकाल. पंचवीस वर्षं मी संस्कृतच्या वर्गात सूत्राचं लक्षण शिकवतोय, पण इतकं चोख उदाहरण मला घरातच मिळेल असं वाटलं नव्हतं. दुसरी गाडी करायची म्हटलं, तर आईला आधी आडवं बसून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावे लागतात आणि त्याला सीट गुडघ्याच्या उंचीची लागते. तुमच्या दारातल्या नव्या गाडीकडे बघून ती काय म्हणाली आठवतंय ना? “चढायला शिडी आणि उतरायला क्रेन आणा.” आमची एकोणीस वर्षांची ठेंगणी तेवढी तिच्या मापाची आहे. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की हिचे झिजलेले शॉकअप बदलायचे, की आईला तुझ्याकडेच कायमची राहू द्यायची.

शाळेच्या मागे एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री कमी बोलतात, आणि मी वर्गाबाहेर आल्यावर मला अशी माणसं फार आवडतात. त्यांनी गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. निरोगी गाडी एकदा वर येऊन थांबते म्हणे. आमची पाठांतराला बसलेल्या विद्यार्थ्यासारखी कितीतरी वेळ डोलत राहिली. चारही कोपऱ्यांची एकच गत. “शॉकअपमधलं तेल कधीच गेलंय सर, सांध्यांतले रबरी बुशही संपलेत,” ते म्हणाले. मग हात पुसत विचारलं, “गाडी कोण चालवतं?” मी अभिमानाने म्हणालो, मीच, पहिल्या दिवसापासून. ते “हं” म्हणाले. (हा हुंकार आदराचा होता, असा माझा समज आहे.)

त्यानंतर मी पंधरा दिवस विचार केला. वरच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीला नवे सांधे कशाला, बदलूनच टाका. मी म्हटलं, आमची आई अठ्ठ्याहत्तरची आहे, तिच्याबाबतीतही आपला हाच सल्ला आहे का? त्या दिवसापासून ते जिन्यात भेटले की मोबाईल बघतात. सौ. म्हणाली, “करा काय ते एकदाचं. तुमचं ठरेपर्यंत आई चालत येतील.”

शेवटी मी शास्त्रशुद्ध निर्णय घेतला. आई नेहमी मागे डावीकडे बसते. उजवीकडे तिची पिशवी असते आणि पिशवीला मणका नसतो. तेव्हा ज्याचं प्रयोजन आहे तेवढंच करावं, म्हणजे मागचा डावा शॉकअप बदलावा. मिस्त्री म्हणाले, “सर, जोडीने बदलतात.” मी त्यांना प्रयोजनापलीकडे पसरणाऱ्या उपायाचे दोष पाव तास समजावून सांगितले. ते पान्हा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले (माझ्या एकाही विद्यार्थ्याने आजवर इतका संयम दाखवलेला नाही) आणि म्हणाले, “बरं. गाडी तुमची, आई तुमची.” आणि तेवढा एक बसवून दिला.

पहिली चाचणी मीच घेतली. सौ.ला आईच्या जागी बसवलं, पाठीला आईची उशी दिली आणि बाजार ओलांडून थेट धरणाच्या रस्त्याला लागलो. ताई, एका पायात नवा बूट आणि दुसऱ्या पायात झिजलेली सपात घालून माणूस जिना उतरायला लागला तर जसा दिसेल, तशी गाडी चालली होती. डावी बाजू ताठ आणि उजवी लोळण घेतेय. तिसऱ्या वळणाला उशी उजव्या दारापाशी पोचली होती आणि पट्टा होता म्हणून सौ. तिच्यामागून गेली नाही. परत येईपर्यंत तिने दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ठेवली. दारात उतरल्यावर म्हणाली, “ही मी होते म्हणून.” हे वाक्य मला धक्क्यांपेक्षा जास्त लागलं. तिच्या जागी आई असती तर काय झालं असतं, हे त्या क्षणापर्यंत मला फक्त युक्तिवादात ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता गाडी जॅकवर घेतली. उरलेले तिन्ही शॉकअप, सगळे बुश, सगळं नवं. ‘मी सांगितलं होतं’ हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. असा संयम आपल्या घराण्यात कोणाकडेही नाही.

दुसऱ्या चाचणीला आईच्या जागी मी बसलो. उठताना कण्हणारं असं घरात सध्या मीच आहे, त्यामुळे निवडीवर वाद झाला नाही. गाडी सौ.ने चालवली. हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरून मी तुमच्या गावाबाहेरच्या पुलापर्यंत आलो आणि परत फिरलो. (न कळवता दारात उभा राहिलो असतो तर तुझा रक्तदाब वाढला असता.) येताना पाणी दोनदा सांडलं, दोन्ही वेळा मला झोप लागली म्हणून. ताई, गाडीत आता काही दोष उरलेला नाही, एवढं निःशंकपणे लिहितो आणि थांबतो.

तुझा,
धाकटा

ता. क. शनिवारी सकाळी दहाला आईला न्यायला येऊ का? तीन महिन्यांसाठी. खिडकीजवळचा पलंग तिच्या उंचीचा करून घेतला आहे. न्हाणीघरात दोन ठिकाणी धरायला दांडे बसवले आहेत, आणि मी दोन्हींना लटकून पाहिलं आहे. ‘नाही’ म्हणायचं असेल तर या वेळी गाडी सोडून दुसरं कारण दे.

ता. क. २. खरं सांगायचं तर हे आईनेच सुचवलं. तू गच्चीत कपडे वाळत घालायला गेली होतीस तेव्हा तिने फोन केला. म्हणाली, “ती दोन वर्षांत एक रात्र सलग झोपलेली नाही. मला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. पण मीच जाते म्हटलं तर तिला वाटेल, आपलं काहीतरी कमी पडलं.” हे तुला सांगायचं नाही असं तिने बजावलं आहे, तेव्हा पत्र वाचून दाखवताना एवढा भाग गाळ. काही कमी पडलेलं नाही, ताई. आता माझी पाळी आहे, इतकंच.

ताई, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली चार ओळी. यांनी लिहिलंय त्यात खोटं काही नाही. पण पहिल्या फेरीला गाडी हे चालवत होते आणि दुसऱ्या फेरीला मी, ही गोष्ट शॉकअपच्या कौतुकात यांच्या लक्षात आलेली नाही. मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, सर श्लोक म्हणत चालवतात का? एकही गतिरोधक त्यांना दिसलेला नाही.” शनिवारी गाडी मी चालवणार आहे आणि हे मागे पिशवीच्या जागी बसतील. यांना अजून सांगितलेलं नाही. आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मी नक्की येते.”