टिलीच्या पोटातली वस्ती

कुराबी, न्यू साउथ वेल्स

तीर्थस्वरूप ग्लेनिस वन्संना, तुमच्या धाकट्या भावजयीचा हात स्वच्छ धुऊन केलेला नमस्कार.

तुमचं पोट कसं आहे? संकोच न करता सविस्तर लिहा, गुडघ्याचं नंतर लिहिलंत तरी चालेल. आम्ही मजेत आहोत. डुगलला तर गेल्या शनिवारपासून आपल्या ताईची फार आठवण येते.

पत्राचं कारण अभिमानाचं आहे, तेव्हा आढेवेढे घेत नाही. टिली पानं खायला लागली. टिली म्हणजे रस्त्याकडेला सापडलेली ती कोआला. आमच्या कपडे धुवायच्या खोलीत तिला टोपलीत बघून तुम्ही म्हणाला होतात, "नेरिडा, तुझ्याकडे निवडुंगसुद्धा जगला नाही गं." (निवडुंगाला डुगलने बिअर घातली होती. मी बोलले नाही, कारण तो तुमचा भाऊ.)

तर तिचे डोळे सुजले होते, म्हणून औषध दिलं. डोळे सुधारले आणि जेवण सुटलं. त्या औषधाने रोगाच्या जंतूंबरोबर पोटातले कामाचे जंतूही झाडून काढले. निलगिरीची पानं म्हणजे अर्धं विष. ती पचवते कोआला नव्हे, तिच्या पोटातली वस्ती. ती वस्तीच उठली, तर समोर पानांचा ढीग असून जनावर उपाशी मरतं. टिली माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि मी रोज टोपलीपाशी बसून रडत होते, हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगते.

मी आधी दुकानातली चांगल्या जंतूंची पूड आणली, तीच जी तुम्ही दह्यात घालून घेता. आमच्या कोआलांच्या आश्रमातल्या डॉक्टर इलारिया हसल्या. म्हणाल्या, "ते पाहुणे आहेत, नेरिडा. येतील, चहा घेतील, जातील. हिला कायमची बिऱ्हाडं हवीत, आणि तीही कोआलाच्याच गावची." कोआलाची आई पिल्लाला पानांची सवय लावताना स्वतःची पातळ विष्ठा चाटवते, तेव्हा कुठे त्याच्या पोटात वस्ती बसते. टिलीला आई नाही. म्हणून आश्रमातल्या मेजर नावाच्या धष्टपुष्ट बोक्याची (म्हणजे नर कोआलाची, पण तो बोक्यासारखाच वागतो) ताजी लेंडी तपासून घेतली, कोमट पाण्यात मिक्सरवर वाटली, फडक्यातून गाळली, बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवली आणि थोडी थोडी पिचकारीने टिलीच्या तोंडात घातली. ती थुंकायची, मी पुसायचे, पुन्हा भरवायचे. माझे ब्लाउज आता फक्त बागेत घालण्यालायक उरलेत. पण मंगळवारी सकाळी ती टोपलीतून उतरली, फांदी ओढली आणि कचाकचा चावायला लागली. मी डुगलला उठवून आणलं. तिला बघून तो स्वतःहून चहा टाकायला गेला. आमच्या लग्नानंतरचा हा त्याचा पहिला चहा, वन्सं.

आता ती गुबगुबीत झालीये. डॉक्टर मला सगळ्यांसमोर "आमची नेरिडा" म्हणाल्या. निवडुंगाचा विषय यापुढे घरात निघू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

तुमची,
नेरिडा

ता. क. शनिवारी गावच्या सभागृहातल्या जेवणाला घरटी एक पदार्थ न्यायचा होता. मी पुढे गेले आणि डुगलला फ्रिजमधली हिरवी बरणी आणायला सांगितलं. ती पातळ वाटली म्हणून त्याने तिच्यात क्रीम चीज आणि लसूण घातला आणि बिस्किटांबरोबर मांडली. माझी पालकाची चटणी अजून फ्रिजमध्येच आहे. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत, उरलेली डब्यात भरून नेलीत आणि यंदाच्या प्रदर्शनात चटण्यांच्या स्पर्धेसाठी माझं नाव दिलंत, तेही तुम्हीच परीक्षक असताना, स्वतःच्या हाताने. हा मान मला जन्मात मिळाला नव्हता. तो कृपा करून परत घ्या, कारण पाककृती लेखी द्यावी लागते.

ता. क. २ घाबरू नका. मेजरची तब्येत तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे, कागद आहेत. तुम्ही डुगलला फोनवर म्हणालात, की कित्येक वर्षांनी पोट इतकं साफ आहे, ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, माणसाच्या पोटात हे जंतू राहत नाहीत, चार दिवसांत जातात. फक्त अंगणातल्या निलगिरीकडे बघून तोंडाला पाणी सुटलं, तर कळवा. फांद्या मी रोज आणतेच, तुमच्यासाठी एक जास्त आणीन.