एवढं लांब फिरून जातंय व्हय?

प्रिय मामी,

आज तुमच्या नातीचं बारसं झालं. पाहुणे आत्ताच गेले, बाळ झोपलंय. "सासूबाई असत्या तर!" असं आज जो तो मला म्हणत होता. शेवटी वाटलं, सगळ्यांपुढे मान हलवण्यापेक्षा सरळ तुम्हालाच लिहावं.

नाक तुमचं आलंय, मामी! आणि आवाजसुद्धा! भूक लागली की सगळी गल्ली जागी करते.

तो दिवस आठवतो का? लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझ्या तपासण्या झाल्या होत्या, काही दोष निघाला नव्हता. तरी नातेपुत्याहून आलेल्या तुमच्या नणंदबाई म्हणाल्या, "वैनी, दत्ताचं दुसरं लगीन करा की." आत भाकरी थापताना माझे हात थांबले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सून तपासून आली. आता माझं पोरगं तपासू दे."

हे किती चिडले! "मला काय झालंय? धडधाकट हाय मी!"

"धडधाकट हायस तर भितोस कशाला?"

चिंचोळीच्या कारखान्यातून सुट्टी काढून हे निमूट आले. तपासणीत शुक्राणू एकही दिसला नाही. यांचा चेहरा पांढरा पडला. पण पुढच्या तपासण्या पाहून डॉक्टर म्हणाले, शुक्राणू तयार होतायत, बाहेर यायची वाट बंद आहे.

आणि तुम्ही भर दवाखान्यात विचारलंत, "मग लघवी कशी नीट हुती?"

हे लाजेनं भिंतीकडे बघायला लागले. डॉक्टर मात्र खुश झाले. त्यांनी प्लास्टिकचं मॉडेल तुमच्या हातात दिलं. लघवीची नळी मूत्राशयातून खाली येते. शुक्राणूंची वाट वेगळी. वृषणाला चिकटून बारीक नळीचं वेटोळं असतं, तिथं ते पक्के होतात. पुढे शुक्रवाहिनी जांघेतून वर पोटात चढते, मूत्राशयाला मागून वळसा घालते आणि प्रोस्टेट ग्रंथीत लघवीच्या नळीला मिळते. तिथून पुढे दोघांचा रस्ता एकच. यांचं वेटोळंच जुन्या सुजेनं दोन्हीकडे बुजलं होतं. वीर्यातलं बाकीचं पाणी पुढच्या ग्रंथींचं, म्हणून वरून काही कळत नव्हतं.

तुम्ही चष्मा सावरून त्या नळीवरून बोट फिरवलंत. "अगं बया! एवढं लांब फिरून जातंय व्हय?"

यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

पण मामी, परतताना रिक्षावाल्याला सगळं समजावून सांगायची काय गरज होती? हे अजून त्या स्टँडवरून रिक्षा करत नाहीत!

ऑपरेशन करून डॉक्टरांनी बुजलेला भाग वगळून नळी जोडली. काही महिन्यांनी तपासणीत शुक्राणू दिसले आणि तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. "कशाचे हो?" म्हटलं की, "दत्ताची वाट मोकळी झाली!" कुणाला वाटलं यांना बढती मिळाली, कुणाला वाटलं कोर्टातली केस जिंकली.

आणि मग एका सकाळी, चहा ठेवता ठेवता, गेलात. मला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच! एवढी कसली घाई होती हो? या एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर रुसलेय.

आज तुमच्या नणंदबाईही आल्या होत्या. पोरीला मांडीवरून खाली ठेवेचनात. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "वैनीनं माझं ऐकलं न्हाय, लई बरं केलं." तुम्ही हे ऐकायला हवं होतं.

तेवढ्यात शेजारची शबाना मला बाजूला घेऊन पुटपुटली, "भाभी, इनो बी तपासनी को आतूं बोले. तुम साथ चलो ना." मूल नाही म्हणून तिच्या घरातही सगळे तिलाच बोलतात, पण आता नवरा स्वतः तपासणीला यायला तयार झालाय.

मी उद्या जातेय, मामी. तिला किंवा तिच्या नवऱ्याला मान खाली घालून बसू देणार नाही. आणि आपली पोर मोठी झाली की शरीरातल्या प्रत्येक भागाचं नाव तिला घरात, मोठ्या आवाजात शिकवीन. शब्द देते.

तुमची सून,
सुरेखा