पोटाला लेप

अप्पा, तुमच्या औषधाच्या दुकानाची मला किळस यायची. तुम्ही होता तोवर तोंडातून निघालं नाही, आता सांगते. भवानी पेठेतल्या दोन खोल्या. पुढं तुमचं दुकान, मागं आपली चूल, आणि त्या चुलीवर सकाळपासून उकळणारा काढा. ज्येष्ठमध, शतावरी, आवळा. शतावरीच्या मुळ्या सोलून माझी बोटं शेंबडासारखी बुळबुळीत व्हायची आणि त्याच हातांनी भाकरी थापायची. तोंडात तंबाखूचा बार धरून तुम्ही पोटाच्या रोग्यांना सांगायचात, "तंबाखू सोडा. या काढ्यानं पोटाला आतनं लेप बसतो, जखम झाकती." बसतही असेल, खोटं कशाला बोलू? कितीतरी माणसं बरी होऊन नारळ ठेवून गेली. पण त्या गोडूस वासानं मला आजही उमासा येतो.

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर ती मावशी यायला लागली. विड्या वळणारी, घरात तेलुगू, आपल्याशी मराठी. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची, पाठ धरली की उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खायची. पोटात नुसती आग. पंधरा दिवस काढा पिऊन ती आली आणि हळूच म्हणाली, "वैद्यबुवा, परसाकडंला काळं होतंय की ओ. निस्तं डांबर." तुम्ही हसलात. "काढा काळा, म्हणून तेबी काळं. औषध लागू पडलंय." मी पुड्या बांधत ऐकत होते. माझी शाळेतली मैत्रीण तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला सहज विचारलं तर ती ओरडलीच, "अगं, डांबरासारखं म्हणजे आत रक्त वाहतंय! आजच्या आज घेऊन ये तिला." मी पळत घरी आले आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही पिचकारी टाकलीत, खल माझ्यापुढं सरकवलात आणि म्हणालात, "वैद्य तू का मी? चार बुकं वाचली म्हणून बापाला अक्कल शिकवती व्हय?" तुमच्या मिशीवर थुंकीचा थेंब अडकला होता. मी त्याच्याकडंच बघत राहिले. मग कुटायला बसले.

आठवडाभरात मावशी गेली. कारखान्यात विड्या द्यायच्या रांगेत घेरी येऊन पडली, भडाभडा रक्त ओकली, दवाखान्यात पोचेपर्यंत खलास. तिची सून दुकानापुढं छाती पिटत ओरडत होती, "हितंच सांगितलात ना तिला, औषध लागू पडलंय म्हणून!" सगळी पेठ गोळा झाली. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "व्हय बाई, मीच म्हटलं होतं." आणि दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा चुलीवर! थू! असली कसली कातडी तुमची? त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. लग्न होऊन अकलूजला आले आणि सणासुदीलासुद्धा माहेर टाळलं. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी धुणं पिळत होते. सगळं पिळून, वाळत घालून मग निघाले.

पण मरायच्या आधी, त्याच आठवड्यात, मावशी एकदा परत आली होती, अप्पा. तुम्ही मुळ्या आणायला होटगीकडं गेला होता. तोंड चुन्यासारखं पांढरं. फळीला धरून तिनं विचारलं, "पोरी, अजून काळंच हाय की गं. दवाखान्यात जाऊ का?" मैत्रिणीचं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणाले, "काढ्यानं तसं होतंच, मावशी. औषध लागू पडलंय." तिला बरं वाटलं. बाटली भरून घेतली आणि गेली. तुमच्या भीतीनं बोलले म्हणावं, तर तुम्ही तिथं नव्हतातच.

सून ओरडत होती तेव्हा मी दाराआड उभी होते. तुम्हाला वाटलं, ती तुमचंच पहिलं बोलणं म्हणतेय. मी वाटू दिलं. पुढं नवऱ्याला, मुलाला, आता नातीलाही तेच सांगत आले, की माझ्या बापाच्या हट्टापायी एक बाई मेली. नात चौथीत आहे, दिसेल ते वाचते. म्हणून हा कागद मी आता फाडणार आहे.